हृदयगती बंद (बॅटरी बचतीकरिता)

या, पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलात त्यांनीसुद्धा या. खांब कुठं पळून जात नाही. आज एक आख्यान सांगतो. यात देव नाही, दैत्य नाही. एक टेकडी आहे, बेचाळीस घड्याळं आहेत आणि एक माणूस आहे.

मनुष्यदेह नाशवंत आहे. हे सर्वांना मान्य आहे, कार्यालयालाही मान्य आहे. परंतु देह नाशवंत असला तरी हजेरी नाशवंत असून चालत नाही, आणि या भूतलावरची यच्चयावत कार्यालयं या एका काळजीतून जन्माला आलेली आहेत.

मूल हे तालुक्याचं गाव सोडून भाताच्या बांध्या मागं पडल्या की सागवान लागतं, तिथं तुमडीटोला नावाचं वनपरिक्षेत्र आहे. उन्हाळ्यात जंगल पेटतं. ते पेटू नये म्हणून, आणि पेटलंच तर विझावं म्हणून, दर फेब्रुवारीत गावागावांतून हंगामी अग्निरक्षक घेतात. त्यांनी चार महिने जाळरेषा झाडायच्या (म्हणजे आगीला पलीकडं जाता येऊ नये म्हणून जंगलात काढलेले मोकळे पट्टे), पाणवठ्यात पाणी टाकायचं, टेकडीवर बसून धूर हुडकायचा आणि धूर दिसला की हिरवी फांदी तोडून त्याच्याच दिशेनं पळायचं. शहाणी माणसं आगीपासून लांब पळतात. उलट दिशेनं पळणाऱ्याला सरकारदरबारी 'हंगामी' म्हणतात.

यांची हजेरी पूर्वी फारच गावठी पद्धतीनं व्हायची. सकाळी वनरक्षक नाक्यावर उभा राहून नाव पुकारायचा आणि माणूस म्हणायचा, "हाव जी." या पद्धतीत एक गंभीर दोष होता. ती चालत होती. चालती पद्धत म्हणजे सुधारणेच्या वाटेतली धोंडच. म्हणून गेल्या हंगामात परिक्षेत्राच्या साहेबांनी बेचाळीस अग्निरक्षकांच्या बेचाळीस मनगटांवर बेचाळीस स्मार्टवॉच बांधवली. हार घातले, नारळ फोडला. (नारळ फोडताना एका घड्याळाची काच गेली. ते घड्याळ 'प्रात्यक्षिकासाठी राखीव' म्हणून नोंदवलं गेलं आणि त्याचा धनी हंगामभर प्रात्यक्षिक म्हणूनच वावरला.)

या घड्याळाची थोरवी सांगायला माझी वाणी अपुरी आहे. ते पावलं मोजतं. हृदयाचे ठोके मोजतं. रक्तातला प्राणवायू मोजतं. माणूस कुठं आहे ते आकाशातल्या उपग्रहाला विचारून सांगतं. झोप किती झाली ते झोपणाऱ्यापेक्षा जास्त जाणतं. बराच वेळ बसून राहिलं तर मनगटाला गुदगुल्या करून 'उठा' म्हणतं. दर तासाला 'दीर्घ श्वास घ्या' अशी आठवण करतं. त्याआधी एकोणीस उन्हाळे आमचा बुधू मडावी कुणाच्याही सूचनेशिवाय बेकायदा श्वास घेत होता. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे बाजूची कळ तीन सेकंद दाबली की कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात 'मदत हवी' असा संदेश जातो. टेकडीवर साध्या मोबाईलला रेंज नाही, पण घड्याळासाठी कार्यालयानं वर खास खांब रोवला होता. माणसाला नाही, घड्याळाला. खांबानंही हा भेद शेवटपर्यंत पाळला.

बुधूची ओळख करून देतो. वय बावन्न. टेकडीवरचा ठिय्या त्याचा. एका गुडघ्यात पाणी, दुसऱ्यात खडे, असं तो स्वतः सांगे. एकोणीस हंगाम झाले. दर जूनच्या मध्यात त्याला 'पुढच्या वर्षी बघू' असं सांगून घरी पाठवत, आणि दर फेब्रुवारीत तो 'आलो जी' म्हणून परत उभा राही. बघण्याचं काम मात्र कुणी केलं नव्हतं. त्या वर्षी ते झालं. परिपत्रक निघालं की एक जागा कायम होणार. बारमाही काम, खाकी कपडे, आजारपणात दवाखाना. अट एकच: एक मार्चपासून सलग पंचेचाळीस दिवस घड्याळाची हजेरी. एक दिवस जरी तुटला तर मोजणी बाद.

"सलग म्हंजे किती सलग?" बुधूनं साहेबांना विचारलं होतं.

"सलग म्हणजे सलग," साहेब म्हणाले. ते फार स्पष्टवक्ते होते.

बुधूनं घरी जाऊन बायकोला, रुखमाबाईला, सांगितलं. ती म्हणाली, "पंचेचाळीस दिवस काय, तुमी एकोनीस सालापासून सलगच हाये. त्याहीलेच दिसलं नाई आतापर्यंत. आता घड्याळाले दिसंन."

तिचा हा विश्वास घड्याळाच्या माहितीपत्रकात कुठंही नमूद नव्हता.

फेब्रुवारीत दोन आठवडे तालीम झाली. तिचे आकडे मी स्वतः पाहिले आहेत. बुधू रोज पाणवठ्यासाठी खांद्यावर कावड घेऊन टेकडी चढे, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून. हात हलला नाही तर घड्याळ पाऊल मानत नाही. बुधूची दैनंदिन पावलं: आठशे बारा. त्याच परिक्षेत्रातला दुसरा अग्निरक्षक धनराज, आमच्या भजनी मंडळातला एक नंबरचा खंजिरीवाला. गडी चौथ्या भजनाला रंगात आला की मनगट दिसत नाही, नुसता वारा दिसतो. धनराजची दैनंदिन पावलं: तेवीस हजार चारशे. पैकी एकोणीस हजार मांडी घालून.

नामस्मरणानं माणूस कुठल्या कुठं पोचतो असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याचं अंतर किलोमीटरमध्ये पहिल्यांदाच कळलं. इतका चालणारा माणूस उन्हात वाया घालवू नये म्हणून साहेबांनी धनराजला नियंत्रण कक्षात खुर्ची दिली. खुर्चीशेजारी चार्जिंगचा बोर्ड होता. या बोर्डाचं माहात्म्य पुढं येईल.

कारण एवढं सगळं जाणणारं घड्याळ दुपारी दोन वाजता मरे. बेचाळीसच्या बेचाळीस (राखीव धरून). गावात लाईन असते तेव्हा असते. घड्याळ पहाटेपर्यंत अर्धंमुर्धं पोट भरून निघे आणि दुपारी माणसाआधी आडवं होई. दोननंतर परिक्षेत्रात कार्यालयाच्या मते कुणीच नसे. जंगल मात्र दोननंतरच जास्त पेटतं. त्याला परिपत्रक मिळालं नव्हतं.

बुधू घड्याळ घेऊन मूलला मुश्ताकभाऊंच्या दुकानात गेला. मुश्ताकभाऊ घड्याळं, मोबाईल, पाण्याची मोटार, कुकरची शिटी, सगळं दुरुस्त करतात.

"मुश्ताकभाऊ, दोन वाजले का मरते हे."

"मरत नाई, थकते बिचारं. इसको कामं किती लावले पाय न. तुही नाडी मोजते, तुही पावलं मोजते, तू कुठी हायेस ते दर मिनिटाले वर आभायात पुसते. तुले कोनी दर मिनिटाले 'कुठी हायेस' पुसलं तं तू दोन वाजेपर्यंत टिकशीन काय?"

"बायको पुसते न."

"मंग?"

"टिकलो न अठ्ठावीस साल."

मुश्ताकभाऊंनी मान डोलावली. त्यांचंही लग्न झालेलं आहे. त्यांनी घड्याळाच्या पोटात बोट घालून पडद्यावरचं हिरव्या पानाचं चित्र दाखवलं. "हे बॅटरी सेव्हर. हे चालू केलं का तीन दिवस चालते."

"मंग कर न चालू."

"करतो. पन मंग ते नाडी मोजत नाई. पावलं मोजत नाई. तू कुठी हायेस ते सांगत नाई. मदतीची कळ दाबली तं हाक बी मारत नाई."

"मंग करते काय?"

"टाइम दाखवते. ते बी बटन दाबलं तं."

बुधूनं दुकानाच्या पायरीवरून सूर्याकडं पाहिलं. "सव्वातीन झाले."

मुश्ताकभाऊंनी बटन दाबलं. "तीन तेरा," ते म्हणाले, आणि घड्याळ पुसून बुधूच्या हातात ठेवलं.

जे एका दुरुस्तीवाल्याला पाच मिनिटांत कळलं ते समजून घ्यायला कार्यालयानं समिती नेमली, आणि समितीला ते नऊ दिवसांत कळलं. यावरून समितीचा अभ्यास किती सखोल होता हे दिसतं. तिचा अहवाल ऐकण्यासारखा आहे. घड्याळाचा मूळ धर्म कोणता? तर हजर राहणे. मेलेलं घड्याळ हजर राहू शकत नाही. सबब घड्याळाचा जीव वाचवणे हे प्रथम कर्तव्य. घड्याळाचा जीव कशानं जातो? तर माणसाचा जीव मोजल्यानं. सबब ते मोजणं थांबवावं.

त्यानुसार आदेश सुटला. सर्व घड्याळं कायम 'ऊर्जाबचत अवस्थेत' ठेवावीत. रोज संध्याकाळी सहा वाजता घड्याळ एकदाच खांबामार्फत कार्यालयाशी बोलेल. त्या एका बोलण्यास त्या दिवसाची हजेरी समजण्यात येईल. सहाला जे घड्याळ जिवंत नसेल त्याचा माणूस गैरहजर. विनापरवानगी बचत अवस्था मोडणं हा शिस्तभंग. आणि वरून आदर्श घालून द्यावा म्हणून नियंत्रण कक्षातली उपकरणंही बचत अवस्थेतच ठेवावीत, असं साहेबांनी स्वतःच्या शाईनं खाली जोडलं. साहेब निष्पक्ष होते. ज्या न्यायानं टेकडीवरची हाक बंद केली त्याच न्यायानं त्यांनी कार्यालयाचा कानही बंद केला.

मार्चअखेरची आढावा बैठक म्हणजे आनंदसोहळाच झाला. परिक्षेत्राची सरासरी बॅटरी एक्काहत्तर टक्के! शेजारच्या परिक्षेत्राची चौतीस. (तिथले अग्निरक्षक अजून मोजले जात होते, बिचारे.) एकदोन किरकोळ शंका निघाल्या, त्यांचं निरसन झालं. पावलांच्या रकान्यात सगळ्यांपुढं शून्य येई. चालणाऱ्या माणसापुढं शून्य लिहिणं हा श्रमाचा अपमान आहे, असं ठरून प्रत्येकाला रोज आपोआप दहा हजार पावलं मंजूर झाली, सुटीच्या दिवशीसुद्धा. हृदयगतीच्या रकान्यात शून्य येई ते जरा अवघड होतं, कारण संगणक अशा माणसाच्या वारसाचं नाव विचारी. तिथं 'बंद (बॅटरी बचतीकरिता)' असा शेरा टाकायचं ठरलं. बेचाळीस माणसं, बेचाळीस शेरे, कुणाची तक्रार नाही. एवढ्या लोकांची हृदयं एका ठरावानं बंद होऊनही कामकाज सुरळीत चालू राहिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणजे आहेत, पण ती निवडून आलेली आहेत.

बुधूला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. तो घड्याळ मनगटावर नव्हे, बंडीच्या आतल्या खिशात फडक्यात गुंडाळून ठेवी, उन्हानं बॅटरी तापू नये म्हणून. दहा दिवस झाले. वीस झाले. तीस झाले. रुखमाबाई रोज संध्याकाळी दारात उभी राहून विचारी, "बोललं काय?" बुधू म्हणे, "बोललं." मग चूल पेटे. संसारात नवराबायकोनं इतक्या आस्थेनं तिसऱ्या कुणाच्या बोलण्याची वाट पाहिलेली मी तरी पाहिली नाही.

बेचाळीस दिवस सलग भरले. यादीत दोघंच उरले होते: बुधू आणि धनराज. बाकीच्यांची घड्याळं कधी ना कधी लाईनअभावी सहाला मेली होती. धनराजचं घड्याळ बोर्डाला लटकलेलंच असे; ते मरायचं तर आधी वीज मंडळ मरावं लागलं असतं. नियम असा की दोघांचे पंचेचाळीस भरले तर जुना हंगामी आधी. बुधूचे एकोणीस, धनराजचे चार. म्हणजे तीन दिवस नुसते सहा वाजेपर्यंत घड्याळ जिवंत ठेवलं की बुधू कायम.

त्रेचाळिसावा दिवस बारा एप्रिलला आला. त्याच दिवशी आमच्या गावच्या सप्ताहाचा काला होता.

काल्याचं कीर्तन म्हणजे काय वर्णावं! सात दिवसांचा सगळा गोडवा त्या दोन तासांत उतरतो. मंडपात तीनशे माणूस. मागं महाप्रसादाची चूल, वरणाचा वास थेट व्यासपीठापर्यंत. बुवा कृष्णाच्या खोड्या सांगत होते, दह्याची हंडी वर बांधलेली होती, आणि धनराजला कार्यालयात खुर्ची असल्यामुळं खंजिरीला दुसरा गडी होता, तेवढंच काय ते उणं.

तिकडं टेकडीवर एक वाजून दहा मिनिटांनी बुधूला धूर दिसला. कुणीतरी मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला होता. असं करतात, पाला जळाला की पडलेली फुलं वेचायला सोपी. पेटवणाऱ्यानं फुलं वेचली आणि तो गेला. आग राहिली.

बुधूनं खिशातून घड्याळ काढलं. बटन दाबलं. बॅटरी चौतीस टक्के, बचत अवस्था चालू. आता श्रोतेहो, इथं जरा थांबा आणि त्या माणसाच्या हातातलं घड्याळ नीट बघा. हिरवं पान तसंच ठेवलं तर सहाला घड्याळ बोलणार, त्रेचाळिसावा दिवस भरणार, पण मदतीची कळ मुकी. पान काढलं तर कळ बोलणार, पण आदेशानंतर काढलेलं पान फक्त कार्यालयातच परत लागे, म्हणजे घड्याळ तासाभरात मरणार, आणि मेलं की सलग तुटलं. आग वाऱ्यावर होती. खाली जाळरेषा होती, तिच्याखाली गाव, गावात मंडप, मंडपात आपण.

"किती येळ इचार केला?" मी नंतर त्याला विचारलं होतं.

"केला थोडासाक," बुधू म्हणाला. "खोटं काऊन बोलू? एक डाव घड्याळ खिशात टाकलं बी परत. मंग मायं वासरू आठवलं, गोठ्यात बांधून होतं."

माणसं आठवली असती तर कीर्तनात जास्त शोभलं असतं, पण बुधू खरं सांगत होता, त्याला काय करणार.

त्यानं पान काढलं. घड्याळ दीड महिन्याच्या झोपेतून उठलं. आधी त्यानं उपग्रह शोधला. मग नाडी मोजली आणि 'आपली हृदयगती जास्त आहे, शांत बसा' असं सांगितलं. मग कळ चालली. बुधूनं ती एकदा नाही, तीनदा दाबली. तिन्ही वेळा 'संदेश पोचला' असं आलं. तेव्हा त्यानं पळसाची हिरवी फांदी तोडली आणि आगीकडं पळाला, मागून माणसं येतील या भरवशावर.

संदेश खरोखरच पोचला होता. नियंत्रण कक्षात धनराज टक्क जागा होता, खुर्चीत, पडद्यासमोर. पण पडदा बचत अवस्थेत होता, आणि बचत अवस्थेत आलेले संदेश साठवून सहाला एकदम दाखवायचे असतात.

आता मंडपात या. दीड वाजता टेकडीवरचा धूर सगळ्यांना दिसला. कुणाला दिसला नाही असं कुणी म्हणू नये. बुवांनासुद्धा दिसला, त्यांची एक तान आखूड झाली. पुढच्या रांगेतला म्हणाला, "धूर दिसून राह्यला." शेजारचा म्हणाला, "वर बुधू हाये न." मागची रांग म्हणाली, "बुधू हाये न वर." त्याच्या मागची म्हणाली, "बुधू असनच." अशा रीतीनं तीनशे माणसांची खात्री एकामागून एक पटत गेली, आणि आम्ही सगळे पुन्हा कृष्णाकडं वळलो.

एवढ्यात माझ्या मनगटाला गुदगुल्या झाल्या. मुलानं दिवाळीत दिलेलं घड्याळ आहे, तसलंच. त्यावर लिहून आलं: 'आपण बराच वेळ बसून आहात. उठा.' कीर्तनात व्यत्यय नको म्हणून मी हिरवं पान लावलं.

रुखमाबाई वरणाच्या चुलीवर होती. तिनं पळी ठेवली, डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं, आणि ती तरातरा मंडपात आली. बुवांना हात जोडले आणि ध्वनिक्षेपकाची वाट न बघता म्हणाली, "तुमी सारे म्हनून राह्यले, वर बुधू हाये, वर बुधू हाये. अवो, वर बुधू एकटा हाये म्हनूनच चाला न! का त्याचं सूतक धरूनच उठसान?"

कुणीतरी म्हणालं, "बाई, हंडी फुटू द्या, पाच मिनिटं."

ती थांबली नाही. तिच्यामागं चुलीवरच्या अकरा बाया उठल्या, पाण्यानं भरलेले गुंड, म्हणजे घागरी, घेऊन. प्रसादाला दरवर्षी येणारे मुश्ताकभाऊ मंडपाबाहेर चपला काढत होते. त्यांनी काढलेली चप्पल परत घातली, तांदळाची रिकामी पोती पाण्यात बुडवून मोटारसायकलवर टाकली आणि तेही गेले. म्हणजे एकूण तेरा. तीनशेतून तेरा, टक्केवारी तुम्ही काढा, माझ्या घड्याळात ती सोय नाही.

त्यांनी चार वाजेपर्यंत आग आवरली. जाळरेषेच्या अलीकडं, गावापासून दोन बांध्या वर. बुधूच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत फोड आले. घड्याळ दोन वाजून पंचवीस मिनिटांनी मेलं होतं. मरताना त्यावर शेवटची ओळ होती, 'छान व्यायाम झाला.' खाली तोवर हंडी फुटली होती आणि पंगती बसल्या होत्या. वरण किंचित खाली लागलं होतं, त्याबद्दल थोडी नाराजी व्यक्त झाली.

संध्याकाळी सहाला कार्यालयात काय झालं ते धनराजनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. पडद्यावर एकदम तीन ओळी आल्या: 'मदत हवी. मदत हवी. मदत हवी.' वेळ एक वाजून बारा. धनराज ओरडत उठला. पण चार तासांहून जुनी विनंती संगणक स्वतःच मिटवतो. तो दाराशी पोचेपर्यंत तिन्ही ओळींपुढं 'निकाली' असं हिरव्या अक्षरांत आलं होतं. त्याच्या खाली दुसरी ओळ: 'बुधू मडावी. गैरहजर.'

चौथ्या दिवशी चौकशी झाली. साहेबांनी बुधूला बसायला सांगितलं नाही, पण त्यात आकस नव्हता. खुर्चीवर फायली होत्या.

"आग लागली होती, याला पुरावा काय?"

"डोंगर काळा झाला न जी. इथूनच दिसते, खिडकी उघडा."

एसी चालू होता. साहेबांनी खिडकी उघडली नाही. "डोंगर प्रणालीत येत नाही."

"माह्या हाताले फोड आले, सायेब."

"घड्याळ कोणत्या हाताला होतं?"

"हातात नवतं जी. खिशात होतं."

"मग हाताचा प्रश्नच येत नाही."

धनराज मध्ये बोलला. "सायेब, बुधूभाऊचा संदेश आलता. म्या पायला."

"किती वाजता पाहिलास?"

"सहाले."

"सहाला तर तो निकाली होता," साहेब म्हणाले. "निकाली निघालेल्या गोष्टीसाठी तू रडतोस काय?"

निष्कर्ष थोडक्यात असे. एक, सदर दिवशी प्रणालीत आगीची नोंद नाही. सबब आग लागली नाही. दोन, न लागलेली आग विझवण्यासाठी बुधू मडावी यांनी ठिय्या सोडला. तीन, त्यांनी विनापरवानगी बचत अवस्था मोडून चौतीस टक्के ऊर्जा वाया घालवली. चार, त्यांनी बारा महिलांना व एका मोबाईल दुरुस्तीवाल्यास वनक्षेत्रात विनापास प्रवेश दिला. पाच, त्यांचा पूर्वीचा काळ पाहता कारवाई सौम्य ठेवून, फक्त उर्वरित हंगामातून व पुढील हंगामांतून कमी करण्यात येत आहे.

कायम जागा धनराजला मिळाली. त्यानं आधी नको म्हटलं. मग घरच्यांनी समजावलं, मग त्यानं स्वतःला समजावलं. तो आदेश मिळाल्याच्या दिवशी नारळ घेऊन बुधूकडं गेला होता.

"बुधूभाऊ, मी झोपलो नवतो जी. देवाशप्पथ. घड्याळ झोपलं होतं."

"माहीत हाये रे," बुधू म्हणाला. "तू चांगला पोरगा हायेस. कपडे मिळाले काय खाकी?"

"मिळाले."

"नीट बसले काय अंगाले?"

"कमरीत ढिल्ले होतेत."

"रुखमा, त्याले आपला तो पट्टा दे. मले काय कामाचा आता."

परिक्षेत्राला त्या वर्षी 'शून्य वणवा' असं प्रशस्तिपत्र मिळालं. काचेच्या चौकटीत कार्यालयात लावलेलं आहे. त्याच्या काचेत मागच्या खिडकीतून काळी टेकडी फार सुरेख दिसते. साहेबांची बढती झाली. टेकडीवरच्या ठिय्यावर आता माणूस नाही. सागवानाच्या खांबाला एक सौर पट्टी आणि तिच्याखाली घड्याळ बांधलेलं आहे. ते रोज सहाला बोलतं. त्याची हजेरी शंभर टक्के, पावलं दहा हजार, हृदयगती बंद.

बुधू हल्ली घरीच असतो. हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. संध्याकाळी दारात बसून तो टेकडीकडं बघतो, सवयीनं, आणि कधी कीर्तनाला आलाच तर मंडपाच्या अशा कडेला बसतो की टेकडी दिसावी. आम्ही त्याला म्हणतो, "बुधूभाऊ, पुढं या, इथी ऐकू येत नाई." तो म्हणतो, "इथीच बरं हाये जी."

तुम्ही साहेबांना हसलात. हसा. ते घड्याळावर विसंबले होते. पण आपण तीनशे जण घड्याळावर विसंबलो नव्हतो; आपल्याला धूर डोळ्यांनी दिसला होता, आणि आपण बुधूवर विसंबलो होतो. साहेबांची चूक परिपत्रकानं दुरुस्त होईल. आपल्याला कोण परिपत्रक काढणार?

पुढच्या फेब्रुवारीत पानगळ होईल. कुठल्याशा दुपारी तुम्ही सावलीत बसलेले असाल, पोटात जेवण असेल, आणि लांब टेकडीवर धुराची एक रेघ उठेल. तुम्ही शेजारच्याला म्हणाल, "असेल तिथं कुणीतरी." तसं म्हणालात तर माझी एवढी विनंती आहे. त्या कुणीतरीचं नाव बुधू मडावी. त्याला काढून टाकलेलं आहे. त्याची आठवण ठेवा, म्हणजे वर कुणी नाही हे तुमच्या लक्षात राहील.